आप्पांच्या खिडकीत फक्त कावळेच येतात

पत्र थोडक्यात असं आहे. गुहागर तालुक्यात समुद्रालगतच्या एका गावात राहणारी 37 वर्षांची मैत्रीण. आठ महिन्यांपूर्वी तिच्या सासऱ्यांना, आप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय गेला, बोलताना शब्द सापडत नाहीत. त्यांची खाट पुढच्या खोलीत मोठ्या सरकत्या खिडकीपाशी टाकलीय, बाहेर नारळी-पोफळीचं आगर. दिवसभर पडून त्यांचा जीव विटतो म्हणून तिने व्हिडिओ बघून काचेला बाहेरून चिकटणारं पारदर्शक फीडर ऑनलाइन मागवलं, त्यात सूर्यफुलाच्या बिया आणि मिक्स दाणे भरले. पाच आठवडे झाले, कावळे, दोनदा खार आणि मुंग्या, बाकी कुणी नाही. एकदा माकडाने ओढून फीडर खाली पाडलं. आजारी माणसाच्या उशाशी कावळा ओरडलेला सासूबाईंना खपत नाही, त्या म्हणतात काढून टाक. नवरा चिपळूणला नोकरीला, तो म्हणतो आईला कशाला दुखवतेस. त्यात शेजारच्या एकाने सांगितलं की दाणे घातले की पाखरं आळशी होतात, ते पाप आपल्या माथी. ती विचारते, पक्षी का येत नाहीत, फीडर ठेवू की काढू, आणि घरातला वाद न वाढवता आप्पांना बघायला काहीतरी कसं देऊ?

तू पत्रात मला मावशी म्हटलंयस म्हणून मी पण सरळ अगं-तुगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले. तू लिहिलंयस, ‘आप्पांनी जन्मभर भातावरून मनोल्या नि पोपट हाकलले, गोफण कायम हाताशी, आणि आता मी त्यांच्यासाठी तीच पाखरं बोलावतेय.’ हे तू सहज लिहून गेलीस पण मला वाटतं तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या ओळीच्या आसपासच आहेत, म्हणून फीडरचं मी नंतर सांगते, आधी आप्पांचं बोलू.

पहिलं काम असं कर. आप्पांना रोज थोडा वेळ खुर्चीत बसवत असशील ना, तेवढ्यात तू त्यांच्या खाटेवर आडवी हो. त्यांच्याच उशीवर डोकं ठेव, मान जेवढी त्यांना वळवता येते तेवढीच वळव, आणि बघ काय दिसतं ते. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझे वडील शेवटचं दीड वर्ष खाटेवर होते, मी त्यांच्या खिडकीबाहेर मातीची थाळी टांगलेली आणि रोज उभी राहून बघायचे, दयाळ येतोय, बुलबुल येतोय, आणि मला वाटायचं की बाबा पण बघतायत. तीन महिन्यांनी त्यांची चादर बदलताना सहज तिथे टेकले तर लक्षात आलं की त्यांना पागोळीची कड आणि आभाळाची एक पट्टी एवढंच दिसत होतं, थाळी खिडकीच्या चौकटीआड. तीन महिने! ते काही बोलले नव्हते कारण मी एवढ्या हौसेने केलेलं. मग खाटेचा पायथा फिरवला, दोन उशा वाढवल्या आणि थाळी हातभर वर सरकवली.

तुझ्याकडे आणखी एक गोष्ट तपासायला हवी. उजवी बाजू गेलेल्या काही पेशंटना उजवीकडचं दिसणंही कमी होतं, डोळे ठीक असतात पण त्या बाजूचं मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि त्यांना स्वतःला ते सांगता येतंच असं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपीला येतात त्यांना हे मुद्दाम विचार. तसं असेल तर फीडर काय, जेवणाचं ताट काय, माणसं काय, सगळं त्यांच्या डाव्या हाताला यायला हवं. पाच आठवड्यांत खार दोनदा आली असं तू लिहितेस, ती तू बघितलीस की आप्पांनी? हा प्रश्न दोष द्यायला विचारत नाहीये, खरंच माहीत करून घे.

दुसरं, आप्पांना काय बघायचंय ते त्यांना विचारलंस का? पत्रात ते कुठे नाहीये. तू धरून चाललीस की रंगीत, छोटे, गोड पक्षी आले की त्यांना बरं वाटेल, कारण व्हिडिओत तसं असतं. पण ज्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षं शेतात, आगरात घालवली त्याला पाखरू नवं नाहीये गं, त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त पाखरं माहिती असणार, आणि तीही आवाजावरून. शब्द सापडत नसले तरी ओळख बऱ्याचदा शाबूत असते. सकाळी खिडकी अर्धी उघड आणि ऐकव. तांबटाची ती टुक टुक टुक, कुटुर्ग्याचं कुटुर्र कुटुर्र, भारद्वाजाचा खोल घुमणारा आवाज, ज्याला तुमच्याकडे कुंभारकावळा म्हणत असतील. तू नाव घे, ‘आप्पा, हा कुंभारकावळा ना?’ आणि त्यांनी डाव्या हाताने हो-नाही करायचं. मुद्दाम चुकीचं नाव घेतलंस तर बघ कसा हात हलतो. जी माणसं मला अशी पत्रं लिहितात त्या सगळ्यांनाच सांगते, खाटेवरच्या माणसाला नुसतं बघायला देऊ नका, त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायची सोय करून द्या.

आता फीडर. पक्षी का येत नाहीत, तर तुझं काहीच चुकलेलं नाहीये, डबा चुकीच्या मुलखातला आहे. ती काचेला चिकटणारी फीडर्स जिथून आली तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, खायला काही उरत नाही आणि तिथले बागेतले बरेचसे पक्षी दाणे फोडून खाणारे. आपल्याकडे जानेवारीत काय परिस्थिती असते बघ, आंब्याला मोहोर, त्यावर किडे, सावरी फुलायला लागलेल्या, थोड्या दिवसांत पांगारा पेटेल, उंबराला फळं असतातच. सूर्यपक्ष्याला मध आणि कोळी हवेत, दयाळाला किडे, तांबटाला आणि हळद्याला फळं, नाचण हवेतल्या हवेत माश्या पकडतो, यातलं कुणीच सूर्यफुलाची बी खायला येणार नाही, ती तू चांदीच्या वाटीत ठेवलीस तरी. दाणे खाणारे आपल्याकडे म्हणजे चिमणी, मनोली, सुगरण, कवडे, पोपट, पारवे. आणि सुगरण-मनोल्या जास्त करून गवताळ, भातशेतीच्या बाजूला, पोफळीच्या गर्द सावलीत कमी. तुमची शेती घरापासून लांब असेल तर मनोल्या तिकडेच असणार, ज्यांना आप्पा हाकलायचे त्याच.

तरी दाणे ठेवायचेच असतील तर ते मिक्स पाकीट बंद कर आणि घरातलंच ठेव, तांदळाच्या कण्या, नाचणी, वरी, थोडी बाजरी. कच्चा तांदूळ पक्ष्याच्या पोटात फुगतो असं सांगतात ते खरं नाही, भातशेतीवर पोसलेली पाखरं काय शिजवून खातात का. मात्र फरसाण, पाव, बिस्किटं, मिठाचं, तळलेलं काही नको. शेंगदाणे आपल्या दमट हवेत चटकन बुरसतात आणि ती बुरशी पक्ष्यांना बाधते, म्हणून ते पण नकोच. रोज मूठ-दीड मूठ, सकाळीच, तास-दीड तासात संपेल एवढंच. दुपारी दाणा शिल्लक दिसला तर दुसऱ्या दिवशी कमी घाल.

खाली सांडलेला दाणा रोज उचलायचा, हे मी जरा जोरात सांगते. दाण्यामागे उंदीर येतात, उंदरामागे जनावर येतं, आणि आपल्याकडे घोणस नि नाग काय लांब नाहीत. शिवाय पावसाळ्यात उंदरांमुळे लेप्टोच्या तापाची भीती. खिडकीखाली मोकळी, शेणाने सारवलेली नाहीतर फरशीची जागा ठेव, झाडता येईल अशी, झुडूप नको.

माकडाच्या बाबतीत मात्र सासूबाईंचं ‘काढून टाक’ शंभर टक्के बरोबर आहे. माकडं किती नुकसान करतात ते कोकणात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको, आंबा, नारळ, परसातला भोपळासुद्धा ठेवत नाहीत, आणि एकदा का त्यांना कळलं की या खिडकीत खायला मिळतं तर ती रोज येणार, तुमच्याकडून शेजारच्या आगरात जाणार, उद्या आप्पांच्या खोलीत घुसली तर त्यांना हाकलता येणार नाहीये. तेव्हा टोळी तुमच्या भागात नेहमीची असेल तर दाणे पण नकोत आणि केळं-पपई तर अजिबात नको, फक्त पाणी ठेव. टोळी कधीतरीच येत असेल तर फीडर सकाळी लावायचं आणि दाणे संपले की काढून आत ठेवायचं, म्हणजे माकडाला सवयच लागत नाही.

पाण्यावर मी आता जरा रेंगाळणार आहे कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते हेच आहे. दाणे मोजके पक्षी खातात, पाणी सगळ्यांना लागतं, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ माळांवर, टिपूस नसतो तेव्हा तर फारच. एक पसरट मातीची थाळी घे, दोन इंचांपेक्षा खोल नको, मधे एक-दोन खरबरीत चिरे ठेव पाय टेकायला, गुळगुळीत स्टीलच्या भांड्यात छोटे पक्षी उतरत नाहीत. पाणी रोज ओतून टाकायचं आणि थाळी काथ्याने घासून परत भरायची, नाहीतर डासांची पैदास होते, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. थाळी गडग्यावर किंवा खांबावर, आप्पांच्या नजरेच्या रेषेत, आणि झुडपापासून सात-आठ फूट लांब म्हणजे मांजर दबा धरून बसली तरी पक्ष्याला उडायला वेळ मिळतो. आणि जमलं तर वरून थेंब पडू दे. तुमच्याकडे शिंपण्याला ठिबकचे पाइप असतीलच, त्यातला हातभर तुकडा आणि एक बादली बास. थेंबाच्या आवाजाला पक्षी येतात, नुसत्या शांत पाण्यापेक्षा कितीतरी लवकर.

माझ्याकडे पहिला आला तो दयाळ. काळा-पांढरा, शेपूट वर उचललेली, काठावर बसून दोनदा इकडेतिकडे बघितलं, मग छातीपर्यंत पाण्यात, पंख असे थरथरवले की वितभर लांब शिंतोडे, मग बाहेर, मग परत आत, असं चार वेळा, आणि भिजून अर्धा झालेला तो मग शेजारच्या अबोलीच्या कुंडीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढत होता, दहा मिनिटं तरी. दाणे खाणारा पक्षी चोच मारतो नि उडतो, आंघोळ करणारा थांबतो, खाटेवरून बघणाऱ्याला हे जास्त सोयीचं. संध्याकाळी दिवेलागणीच्या जरा आधी बघत जा, तुमच्या आगरात पाचोळा असेल तर नारिंगी डोक्याचा कस्तुर येण्याची चांगली शक्यता आहे, तो सावलीत पाचोळा उलथत फिरतो आणि दिवस मावळताना पाण्यावर उतरतो.

फीडर काचेला लावणारच असशील तर दोन-तीन गोष्टी. खाऱ्या वाऱ्याने काचेवर सतत एक चिकट थर बसतो, त्यावर ते रबरी सक्शन कप टिकत नाहीत. काच साबणाने धुऊन पूर्ण कोरडी कर, कप कोमट पाण्यात घालून पुसून मग दाब, आणि वरून एक नायलॉनची दोरी चौकटीला बांध, म्हणजे कप सुटला तरी डबा लोंबकळत राहील. आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवायचा, महिन्यातून एकदा एक भाग ब्लीच नि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून भरपूर धुवायचा. एकाच ताटलीत सगळे जेवायला लागले की एकाचा आजार सगळ्यांना. एखादा पक्षी फुगून बसलाय, डोळे मिटतायत, उडत नाहीये असं दिसलं तर दोन आठवडे दाणे पूर्ण बंद. खिडकीच्या कडेवरची विष्ठा कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि हात धुवायचे, आत आजारी माणूस आहे. आणि पारवे यायला लागले तर दाणे लगेच थांबव. त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा त्रास होतो, 2025 मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा विषय हायकोर्टापर्यंत गेला तो यावरूनच.

काचेचं एक कटू आहे ते पण सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे माझ्या मागच्या खिडकीवर धप्प आवाज झाला, बाहेर जाऊन बघते तर नवरंग पक्षी पडलेला. पावसाच्या तोंडावर ते आपल्याकडे वीण करायला येतात, रात्रीचा प्रवास करतात, दमलेले असतात. तळहातावर घेतला तर इतका हलका, आणि पोटाखालचा तो लाल रंग, पंखावरचा निळा, डोळ्यावरची काळी पट्टी, इतक्या जवळून मी तो कधी बघितलेला नव्हता आणि असा बघायचाही नव्हता. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात मऊ फडकं घालून ठेवला, अंधारात, शांत, पाणी पाजायचा प्रयत्न केला नाही कारण ते श्वासनळीत जाऊ शकतं. तासाभराने खोक्यात खडबड ऐकू आली, बाहेर नेऊन झाकण उघडलं आणि तो सरळ फणसाच्या झाडात गेला. सगळे असे जात नाहीत. काचेत आभाळ नि झाडं दिसतात, पक्ष्याला ती खरी वाटतात. म्हणून फीडर एकतर काचेलाच चिकटून हवं, फार तर तीन फुटांच्या आत, म्हणजे उडताना वेगच येत नाही, नाहीतर तीस फुटांपेक्षा लांब हवं. मधलं अंतर सगळ्यात वाईट. थाळी पण याच हिशेबाने ठेव, आणि काचेवर बाहेरून खडूने किंवा पांढऱ्या रंगाने उभ्या रेघा ओढ, चार-चार इंचांवर, आप्पांना त्यातून दिसायला अडचण होत नाही. एकच मोठं गरुडाचं स्टिकर लावून काही होत नाही. आणि बाहेरून आरशासारखी दिसणारी फिल्म कुणी सुचवली तर नको म्हण, तिच्यात झाडं आणखीनच स्पष्ट उमटतात, शिवाय विणीच्या दिवसांत सूर्यपक्षी आपल्याच प्रतिबिंबाशी भांडून हैराण होतो. त्यापेक्षा खोलीतला दिवा बंद ठेव, आत अंधार बाहेर उजेड असला की पक्ष्याला आतली हालचाल कमी दिसते.

आता सासूबाई. हे मी शेवटाकडे ठेवलं कारण मला यावर नीट लिहायचं होतं. त्यांच्या भीतीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू नकोस. नवरा आठ महिने अंथरुणाला खिळलाय, रात्री त्यांना झोप लागत असेल की नाही कोण जाणे, आणि उशाशी कावळा ओरडला की त्यांच्या मनात काय येतं ते आपल्या सगळ्यांनाच माहितीये, पिंडाला कावळा शिवायची वाट आपणही बघितलेली असते. त्यांना पक्षी नकोत असं नाहीये, तो कावळा त्या जागी नकोय. आणि तूच पत्रात एका ओळीत लिहिलंयस की त्या रोज जेवायच्या आधी मागच्या दारी भाताचा घास ठेवतात. अगं मग तुमच्या घरात पाखरांना घास घालणारं माणूस तुझ्या आधीपासून आहे! कावळे फार हुशार, त्यांना वेळ नि जागा दोन्ही पाठ होतात. तू पुढचं फीडर आठ-दहा दिवस पूर्ण बंद ठेव आणि त्या दिवसांत सासूबाईंना म्हण की मागच्या दारचा घास रोज ठरलेल्या वेळी आणि जरा सकाळी ठेवा. कावळे हळूहळू तिकडे वळतील. मग पुढे थाळी आणि मूठभर कण्या चालू कर, त्याही कावळ्यांच्या मागच्या दारच्या वेळेलाच. सगळे कावळे जातील असं मी म्हणत नाही, एखादा येईलच, पण उशाशी बसून ओरडणं कमी होईल. आणि त्यांना विचार, तुमच्या माहेरी कुंभारकावळा दिसला की काय म्हणायचे? भारद्वाजाचं दर्शन शुभ मानतात, तो आगरात गोगलगायी नि सरडे शोधत जमिनीवरून चालत फिरतो, खिडकीतून दिसण्यासारखा आहे. त्यांनी आप्पांना ‘अहो, तो बघा’ म्हणून दाखवला तर त्याची मजा तुझ्या फीडरपेक्षा मोठी. एवढं करूनही त्यांचं मन मानत नसेल तर काचेवरचा डबा काढ, बिनधास्त काढ, आणि पाण्याची थाळी ठेव, पाण्याला त्यांची हरकत असेल असं मला वाटत नाही.

शेजाऱ्यांनी पाप म्हटलं त्याचं ओझं घेऊ नकोस. मूठभर कण्यांनी पाखरू आळशी होत नाही, ते दिवसभर दहा ठिकाणी चरतं, तुझी खिडकी त्यातली एक. पण त्या बोलण्यात एक खरं आहे ते घे, आपल्या पाखरांना तुझ्या दाण्यांची गरज नाहीये, गरज झाडांची आहे. पिल्लांना तर चिमणीसुद्धा किडेच भरवते, म्हणून खिडकीच्या आसपास औषध फवारू नका. परसातल्या कढीपत्त्याला काळी फळं धरली की ती काढू नका, बुलबुल नि कोकीळ त्यावर तुटून पडतात. जास्वंद लावा, शेवग्याला फुलोरा येऊ दे, केळफूल लगेच भाजीला कापू नका, चार दिवस ठेवा, सूर्यपक्षी त्याला उलटा लटकून मध पितो आणि ते उशीवरून सुद्धा दिसतं. साखरेच्या पाण्याची बाटली मात्र नको, आपल्या उकाड्यात ते काही तासांत आंबायला लागतं. आंब्यावरचं बांडगूळ आप्पांनी जन्मभर कापलं असेल आणि कलमांवरून कापावंच लागतं, पण एखाद्या रायवळ आंब्यावर फांदीभर राहिलं असेल तर राहू दे, त्याच्या फळांवर अंगठ्याएवढा फुलटोच्या येतो, त्याची चिकट बी फांदीला पुसून टाकतो आणि तिथेच नवीन बांडगूळ रुजतं, हे आप्पांना माहिती असणार, विचारून बघ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दाणे बंदच ठेव, ओले होऊन बुरसतात आणि बाहेर किड्यांची रेलचेल असते.

आणि घाई नको. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला राहत होते, तिथे त्यांनी घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांवर नुसती नजर ठेवली, तासन् तास, आणि त्यातून कळलं की नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, तिला पटलं तर ती राहते आणि नर ते पुरं करून पुढचं घरटं विणायला घेतो, पुढची मादी शोधतो. त्यासाठी कुणी दाणे टाकून पाखरं बोलावली नव्हती, आपल्याच किनाऱ्यावर एक माणूस एका जागी बसून राहिला होता. आप्पा तर बसलेलेच आहेत गं, तेही अशा माणसाच्या नजरेने ज्याने पाखरांच्या सवयींवर आयुष्य काढलंय.

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस, जगभर लोक कुठल्याही एका जागेवरून निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजतात आणि ई-बर्ड नावाच्या वेबसाइटवर नोंदवतात, त्याला खिडकी चालते. मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप फोनवर घे, आवाज ऐकवला की ते नाव सुचवतं, चुकतं पण कधीकधी, तेव्हा आप्पांचा हात हललाच तर आप्पांचं खरं धर. फक्त फोनवरून पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही, त्यांना वाटतं दुसरा कुणी हद्दीत घुसला, उगाच धावपळ होते. नवऱ्याला रविवारची जबाबदारी दे, थाळी घासायची आणि वडिलांशेजारी पंधरा मिनिटं बसायचं, आईला दुखवू नको म्हणणाऱ्याला एवढं जमायला हवं. जे दिसेल ते कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिही, किती वाजता, कुठे बसला होता, आणि आधी कुणी बघितला त्याचं नाव.

आणि मनोलीला तुमच्या गावात काय म्हणतात ते आप्पांना विचारून मला कळव. आमच्याकडे दर दहा मैलांवर वेगळं नाव ऐकलंय मी.